बिनफडक्याची बादली

१

ज्या खोलीत आदल्या संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या बाई मरून पडलेल्या सापडल्या, त्याच खोलीत उभं राहून घरमालक मला विचारत होता, "ताई, चहा साखरेचा की बिनसाखरेचा?"

मी कुणाची ताई नाही. मी विमा कंपनीची सर्व्हेयर आहे. एखाद्या इमारतीत माणूस मेला की त्या इमारतीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला तो कशाने मेला हे कळायला हवं असतं, आणि ते जाणून घ्यायला ती मला पाठवते. माझी अर्धी हयात लोकांच्या भिंती आणि लोकांची तोंडं बघण्यात गेली. भिंतींबद्दल माझं मत बरं आहे.

"चहा नको," मी म्हटलं. "काय झालं ते सांगा."

"होणार काय? घसरल्या बिचाऱ्या." मालकाने अंगठ्यांनी भरलेला हात छताकडे केला. "ते बघा, वरून गळतंय. खाली बादली. बादली भरली, पाणी सांडलं, पाय घसरला, डोकं आपटलं. वयही झालं होतं. आता गळतं म्हणाल, तर गळतं सगळ्यांकडेच! माझ्या स्वतःच्या बंगल्यात गळतं."

बंगल्यात गळतं हे त्याने अशा थाटात सांगितलं, जणू गळणं ही त्याच्या घराण्याची देणगी आणि भाडेकरूंनाही तिचा थोडा लाभ त्याने उदार मनाने दिला होता.

खोली एकच, मागे स्वयंपाकाची चिंचोळी जागा. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. मधोमध पायाने चालवायचं शिलाई मशीन. मशीनशेजारी निळी बादली, निम्मी भरलेली, आणि भोवती ओली फरशी. दाराजवळ एक जर्मनचा टोप, त्यात चहासारखं तपकिरी पाणी. कपाटाच्या माथ्यावर परात. भिंतीलगत पांढऱ्या कोटांचे गठ्ठे, प्लॅस्टिकमध्ये नीट बांधलेले. बाई हॉस्पिटलच्या नर्स आणि डॉक्टरांचे कोट शिवायच्या. बाहेर पाऊस लागला होता आणि दाराजवळचा टोप थेंबाथेंबाने वाजत होता.

वर स्लॅब दिसत नव्हता. मालकाने सगळ्या इमारतीत फॉल्स सीलिंग ठोकलं होतं, ऑफिसात असतं तसं: पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी आणि तिच्यात बसवलेल्या चौकोनी टाइल्स. मूळच्या पांढऱ्या, आता दातांसारख्या पिवळट. मशीनच्या बरोबर वरच्या टाइलवर तपकिरी डाग होता.

"छत दुरुस्त का नाही केलं?" मी विचारलं.

"केलं की! हे काय!" त्याने कौतुकाने वर पाहिलं. "सगळं झाकून टाकलं. किती छान दिसतं."

त्याच्या मागून तपास अधिकारी आत आला. थकलेला माणूस, प्रकरण लवकर मिटावं म्हणून जरा जास्तच हुशार झालेला.

"घसरल्या नाहीत त्या," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "घसरलेल्या माणसाचं डोकं मागून फुटतं. मॅडम, यांना मार लागलाय टाळूवर. वरून. आणि लगेच गेल्या नाहीत, डॉक्टर म्हणतात बराच वेळ जीव होता. इथे सोबत राहते ती भाची. काल सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, समोरच्या सरांनी ऐकलंय. मी संध्याकाळी तिला घेऊन जाणार."

"डोक्यात घातलं कशाने?"

"सापडेल," तो म्हणाला. "नाहीतर ती सांगेल."

२

समोरच्या बिऱ्हाडात शिकवणी घेणारे सर राहत होते. सर एकटेच होते, कारण आज त्यांनी दुःखामुळे वर्ग बंद ठेवला होता. तसं त्यांनी दारावरच खडूने लिहिलं होतं, सुंदर अक्षरात.

पुढच्या खोलीत बाकं आणि फळा. सरांच्या बोटांना, बाहीला, चष्म्याच्या काडीलाही खडू लागलेला. बोलताना ते प्रत्येक वाक्यानंतर किंचित थांबायचे. मी वहीत उतरवून घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी.

"मला कुणाविरुद्ध बोलायचं नाही," ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस पुढे काय करतो ते मला ठाऊक आहे, म्हणून मी खुर्ची ओढून बसले. "पण सत्य हे सत्य. काल सकाळी ती मुलगी जिन्यात उभी राहून ओरडली, 'मर मग!' या शब्दांत. आपल्या सख्ख्या मावशीला!"

"एवढंच?"

"एवढं कमी आहे का?"

"काल दुपारी काही आवाज आला?"

"दुपारी मी झोपतो."

"दारासमोर दार आहे, सर."

"मला गाढ झोप लागते. मनात पाप नसलं की लागते." ते स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन हसले आणि मग आज हसायचं नाही हे आठवून गंभीर झाले.

अधिकारी माझ्या मागेच उभा होता. सरांच्या हातांकडे बघून त्याला काहीतरी आठवलं. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. बाईंच्या केसांत पांढरी पूड होती. मी म्हटलं शिवणकामाचा खडू असणार. कापडावर खुणा करायला वापरतात ना."

सरांनी हात मागे घेतले. अगदी थोडे, पण घेतले.

"तुमच्याकडे गळतं का, सर?" मी विचारलं.

"थोडंफार. मी तक्रार करणाऱ्यातला नाही. मालक सज्जन गृहस्थ आहेत. वर्गाला जागा कमी पडते तर तेही बघू म्हणालेत."

"कुठली जागा?"

ते थांबले. या वेळी वाक्यानंतरचं थांबणं नव्हतं ते.

"बघू म्हणालेत," ते पुन्हा म्हणाले.

मजल्यावर बिऱ्हाडं दोनच. सरांना हवी असलेली जागा कुठली, हे समजायला सर्व्हेयर असण्याची गरज नव्हती. मी मागची खोली बघायला मागितली. तिथे पसारा आहे, बायको गावाला गेलीय, बाईमाणसाला दाखवण्यासारखी नाही, असं सांगत सर दार अडवून उभे राहिले. मी आग्रह केला नाही. बंद दारं कुठे पळून जात नाहीत.

३

भाची जिन्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी एक पोलीसबाई मोबाईल बघत उभी. मुलगी विशीपंचविशीची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. दुकानाचा शर्ट अजून अंगावरच होता. तिने रडून घेतलं होतं आणि आता ती कुणाशीच बोलायच्या मनःस्थितीत नव्हती.

मी सांत्वन करत नाही. मला येत नाही आणि ज्यांना येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "तुमच्या मावशी कापडावर खुणा कशाने करायच्या?"

ती चमकली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"खडूने. निळ्या."

"पांढरा नाही?"

"पांढऱ्या कोटावर पांढरा खडू कसा दिसणार?" ती म्हणाली. मूर्खाला समजवावं तशा सुरात, आणि त्या सुरामुळे मला ती आवडली. "घरात पांढरा खडू नाहीच. डबा बघा."

डबा मी नंतर बघितला. सगळे निळे होते.

"घरात कुठे कुठे गळतं?"

"दारापाशी. आणि कपाटावर. बस."

"मशीनवर?"

"मशीनवर गळलं असतं तर मावशी तिथे बसली असती का? एक थेंब कोटावर पडला तर डाग जात नाही. ते पाणी बघितलंत ना, कसं आहे? म्हणून तर आम्ही टोपात, परातीत, सगळ्यात खाली फडकं घालतो. कापडाचे तुकडे घरात भरपूर. फडकं असलं की थेंब उडत नाही. मावशी तर आधी फडकं शोधायची, मग भांडं."

मी उठून खोलीत गेले. टोपाच्या तळाशी घडी केलेलं फडकं होतं. परातीतही. निळ्या बादलीत हात घातला. पाणी स्वच्छ, नळाचं असावं तसं. तळाला काहीच नाही.

आणि आणखी एक गोष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता, टोप वाजत होता, परात वाजत होती. बादली मात्र मी आल्यापासून गप्प होती.

खाली वाकलेलीच होते म्हणून फरशीही पाहिली. खिडकीपाशी चार खुणा होत्या, वर्षानुवर्षं मशीनचे पाय टेकून पडलेल्या. तिथून खोलीच्या मध्यापर्यंत ताजे ओरखडे. मशीन नुकतंच ओढलं होतं.

मी परत पायरीवर आले. "मशीन आधी खिडकीशी होतं. मध्ये कुणी आणलं?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कधी आणलं?"

ती शर्टाचं बटण पिळत राहिली.

"तुम्ही 'मर मग' म्हणालात, हे खरं?"

"म्हणाले." एवढंच. मग तिने ओठ असे मिटून घेतले की पोलीसबाईने मोबाईलमधून मान वर केली आणि मला डोळ्यांनीच सांगितलं, बघा, हीच ती.

ही मुलगी काहीतरी लपवत होती. मला ते मुळीच आवडलं नाही, कारण तोवर मी ती निर्दोष आहे असं ठरवून बसले होते.

४

मालक खाली स्वतःच्या ऑफिसात अधिकाऱ्याला बिस्किटं खाऊ घालत होता. भाची उद्यापासून इथे राहू नये, "बाकीच्या लोकांच्या मनावर परिणाम होतो," असं त्याचं म्हणणं होतं. मेलेल्या बाईचं मशीन अजून खोलीत होतं आणि याच्या डोक्यात खोली रिकामी झालीसुद्धा होती.

मी दोघांना तिथेच सोडून एकटी वर आले. दार लावलं आणि बाईंच्या स्टुलावर बसून वर पाहत राहिले. माझ्या धंद्यात मान दुखेपर्यंत छताकडे बघावं लागतं. बहुतेक लोक डाग दिसला की "ओल आहे" म्हणतात आणि नजर काढून घेतात. मी डागाची कड बघते.

पाण्याचा डाग गोल पसरतो. एका टाइलवरून दुसरीवर जाताना तो परवानगी मागत नाही. हा डाग अर्ध्या भाकरीएवढा होता, आणि अर्ध्या भाकरीसारखाच सरळ कापलेला. टाइलच्या कडेशी येऊन तो संपत होता. शेजारची टाइल पिवळट, कोरडी, बिनडागी.

उरलेली अर्धी भाकरी कुठे गेली?

मी स्टूल मशीनवर ठेवलं नाही. त्या मशीनवर पाय द्यायची माझी हिंमत झाली नाही. कोपऱ्यातलं जेवणाचं टेबल ओढलं, त्यावर चढले आणि डागाची टाइल तळव्याने वर ढकलली. ती सहज सरकली. तिच्या कडेचा एक टवका तुटून माझ्या बाहीवर पडला. बाहेरून पिवळी असलेली टाइल आतून पिठासारखी पांढरीशुभ्र होती.

मोबाईलचा उजेड वर टाकला.

वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्याने स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या होत्या. त्यांनी खालचं काँक्रीट सोडवलं होतं. मशीनच्या नेमकं वर, कलिंगडाएवढा ढलपा निखळून गेलेला खड्डा होता, आणि त्याची कड ताजी होती. खड्ड्यातून झिरपणारं पाणी सीलिंगच्या पत्र्याच्या पट्टीवर उतरत होतं आणि पट्टीवरून ओघळत दाराकडे जात होतं. मुरायचं मध्ये आणि ठिबकायचं दाराशी. मालकाच्या छान दिसणाऱ्या सीलिंगने गळती थांबवली नव्हती. तिचा पत्ता तेवढा बदलला होता.

ढलपा मात्र खोलीत कुठेच नव्हता.

मी खाली उतरले, जिन्याने गच्चीवर गेले. गच्चीवर मालकाची दुसरी दुरुस्ती होती: निळं प्लॅस्टिक, आणि ते उडू नये म्हणून कडेने ठेवलेल्या विटा. सगळ्या विटा शेवाळलेल्या. एकच वजन वेगळं, बोजड, वेडंवाकडं. पालथं करून पाहिलं तर पोटावर सळयांच्या गंजाच्या समांतर रेघा.

जे छतातून पडून बाईच्या टाळूवर आदळलं, तेच परत छतावर ठेवून कुणीतरी छताची काळजी घेत होतं.

५

मी चौघांना खोलीत बोलावलं: अधिकारी, मालक, सर आणि भाची. भाचीबरोबर पोलीसबाई होतीच. लोकांना जमवून बोलणं मला आवडत नाही, त्यात नाटकीपणा आहे. पण या दोन गृहस्थांची तोंडं मला एकाच वेळी बघायची होती.

"सोपा प्रश्न," मी म्हटलं. "या खोलीत कुठे गळतं? बोटाने दाखवा."

मालकाने डागाकडे बोट केलं. सरांनीही. भाचीने दाराकडे केलं, मग कपाटाकडे.

"मालकसाहेब, आजच्या आधी तुम्ही इथे पाऊस चालू असताना कधी आलात?"

"पावसात कशाला येऊ? आणि बाई काही मला ऐकू येईल असं ओरडल्या नाहीत कधी."

"सांगितलं होतं," भाची म्हणाली. "दर पावसाळ्यात सांगितलं. तुम्ही ऊन पडल्यावर यायचात आणि म्हणायचात, कुठे गळतंय?"

"म्हणून फसलात," मी मालकाला म्हटलं. "पाऊस सकाळपासून चालू आहे. टोप भरला, परात भरली. या बादलीत मी आल्यापासून एक थेंब पडलेला नाही. तिच्यातलं पाणी नळाचं आहे आणि तळाशी फडकं नाही. या घरात फडक्याशिवाय भांडं ठेवत नाहीत, कारण कोटांवर शिंतोडा उडला तर कोट फुकट जातो. बादली घरातल्या माणसाने ठेवलेली नाही."

अधिकाऱ्याने बादलीत हात घालून पाहिलं. मग टोपात. मग हात पुसला.

"बाईंच्या केसांतली पूड खडू नव्हे. इथला खडू निळा. ती ही." मी टाइलचा टवका त्याच्या हातावर चुरडला. "वरून काँक्रीटचा ढलपा टाइल फोडून पडला. बाई मशीनवर बसल्या होत्या, मार टाळूवर बसला. मग कुणीतरी फुटलेली टाइल झाडून काढली आणि ढलपा गच्चीवर नेऊन ठेवला. बाईंना खाली निजवून बादली ठेवली, पाणी ओतलं. गळकं छत हा कुणाचा गुन्हा नाही, गळतं तर सगळ्यांकडेच! पडकं छत मात्र गुन्हा आहे. म्हणून पडलेलं गळकं करून दाखवलं."

"छत पडलेलं नाही!" मालक म्हणाला. "वर टाइल आहे की! जुनी टाइल आहे. नवीन बसवली असती तर पांढरी दिसली असती!"

"हे तुम्हाला फार पटकन सुचलं."

त्याने बोटातली अंगठी फिरवली.

"नवीन टाइल पांढरी दिसली असती, खरं आहे. म्हणून जुनी आणली, आणि मुद्दाम डागाची आणली, म्हणजे खाली पाणी कुठून आलं ते कुणी विचारणार नाही. ही अक्कल मालकांची नाही. मालकांना एवढी अक्कल असती तर त्यांनी छत दुरुस्त केलं असतं. ही शिकलेल्या माणसाची अक्कल आहे." मी सरांकडे वळले. "पण डाग अर्धा आहे, सर. उरलेला अर्धा ज्याच्या छताला असेल, तिथून ही टाइल आली. तुमच्या मागच्या खोलीचा पसारा आता बघू या का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने काहीच बदललं नाही.

अधिकाऱ्याने मागच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आम्हाला शोधावंसुद्धा लागलं नाही. पिवळट छतात एक टाइल नव्या दातासारखी चमकत होती. तिच्या शेजारच्या टाइलवर अर्धी भाकरी. कापलेली कड नव्या टाइलला टेकलेली.

"मालकांनीच सांगितलं!" सर एकदम म्हणाले. त्यांचा तो संथ आवाज कुठल्या कुठे गेला. "मी आवाज ऐकून गेलो, मी तर मदतीलाच गेलो होतो! मालकांना फोन केला. ते म्हणाले, कुणाला बोलवू नका, मी येतो!"

"आणि टाइल बदलायची कल्पना कुणाची?" मालक ओरडला. "मी म्हटलं, जिन्याखाली नव्या आहेत, एक लावून टाकू. हेच शहाणे म्हणाले, तशी नको, माझ्याकडची घ्या, नवी मी लावून घेतो! फुकट नाही हो केलं यांनी, समोरची खोली वर्गाला पाहिजे होती!"

"तुम्ही देतो म्हणालात!"

दोन मोठी माणसं, अंगापिंडाने धडधाकट, मेलेल्या बाईच्या खोलीसमोरच एकमेकांवर बोटं रोखून उभी होती. माझ्या धंद्यात मी चोर पाहिलेत, आग लावणारे पाहिलेत. त्यांच्याशी मी हात मिळवला आहे. या दोघांशी मिळवला नसता.

"तुम्ही आत गेलात तेव्हा त्या कण्हत होत्या का?" मी सरांना विचारलं.

"मला वाटलं, संपल्या."

"वाटलं? हात लावून बघितलंत?"

"मी काही डॉक्टर नाही."

"डॉक्टर म्हणतात बराच वेळ जीव होता. तुम्ही टाइल मापात बसवत होतात तेव्हाही."

भाचीने भिंतीला हात टेकला. पोलीसबाईने मोबाईल खिशात घातला आणि पहिल्यांदाच तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

अधिकाऱ्याने दोघांना पुढे घातलं. जिन्यात पोचल्यावर सर वळले, चेहरा पांढराफटक, आणि मला वाटलं आता तरी हा माणूस त्या मुलीला काही बोलेल.

"मॅडम," ते म्हणाले, "माझ्या खोलीत पण तसंच आहे का वर? म्हणजे माझी बायको परत येणार आहे. ते पडेल का?"

"काल सकाळी ही मुलगी काय म्हणाली होती, पूर्ण सांगा," मी म्हटलं. "मग सांगते."

त्यांनी भाचीकडे पाहिलं नाही. "'मर मग या छपराखाली,'" ते पुटपुटले.

"पडेल," मी म्हटलं.

६

भाची मशीन न्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. अहवालासाठी फोटो हवे होते. पाऊस थांबत नव्हता. इमारत रिकामी करायचा हुकूम निघाला होता आणि जिन्यात लोक गाद्या, गॅस, कुंड्या उतरवत होते. मालकाने कधी न केलेली दुरुस्ती आता एकदमच होणार होती.

ती मशीनला हात न लावता उभी राहिली.

"तुम्ही मला विचारलं होतं," ती म्हणाली. "मशीन मध्ये कुणी आणलं. मी सांगितलं नाही."

"आता नाही सांगितलंत तरी चालेल."

"मीच आणलं. त्याच सकाळी." तिचा आवाज फुटला नाही, फुटला असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. "खिडकीतून झड येत होती. मी म्हटलं, आपण हे घर सोडू. ती म्हणाली, हॉस्पिटल जवळ आहे, कामं इथे मिळतात, पुन्हा कुठे शोधू? मग मी चिडून मशीन ओढलं. सगळीकडे हात फिरवून बघितलं, कोरडी जागा तेवढीच होती. तिला म्हटलं, इथे बस, इथे गळत नाही. आणि जाताना..."

जाताना ती काय म्हणाली ते आम्हा दोघींना माहीत होतं.

मला सांत्वन करता येत नाही हे मी आधीच सांगितलं. मी फक्त काम जाणते. म्हणून मी टेबल ओढलं, तिला वर चढायला लावलं आणि तिच्या हातात उजेड दिला.

"बघा. पाणी इथे मुरायचं. सीलिंग नसतं तर थेंब इथेच खाली पडला असता. तुम्ही तो बघितला असता, इथे टोप ठेवला असता, त्यात फडकं घातलं असतं, आणि मशीन या जागेच्या आसपास फिरकू दिलं नसतं. त्यांनी ते पाणी पत्र्यावरून दाराकडे वळवलं आणि इथलं छत कोरडं भासवलं. तुम्हाला दिसलं ते तुम्ही खरं मानलं. मीही मानलं असतं."

ती बराच वेळ वर बघत उभी होती. खाली उतरली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण ती माझ्याकडे बघून बोलली.

"तुमच्या अहवालात हे येईल? मशीन मी हलवलं ते?"

"येईल," मी म्हटलं. मी अहवालात खोटं लिहीत नाही. "त्याच्या पुढच्या ओळीत छत का कोरडं दिसत होतं तेही येईल."

तिने मान हलवली. आम्ही दोघींनी मिळून मशीन दारापर्यंत नेलं. वजनदार होतं, आणि जिन्यातल्या पुरुषांपैकी एकालाही हात लावावासा वाटला नाही. दारात टोप काठोकाठ भरला होता. भाची थांबली. तिने तो मोरीत रिकामा केला, तळाचं फडकं पिळलं, घडी घालून पुन्हा टोपात ठेवलं आणि टोप परत थेंबाखाली सरकवला.

त्या घरात आता कोट नव्हते, मशीन नव्हतं, राहायलाही कुणी येणार नव्हतं. मी मशीनचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही जिना उतरायला लागलो.